सांगोला मतदारसंघ : 62 वर्षं, चार आमदार आणि पाणी

माणकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझी भाची पुण्यात राज्यशास्त्र शिकते. कॉलेजात तिला स्वतःच्या विधानसभा मतदारसंघाचा इतिहास लिहून आणायला सांगितलाय. मागच्या रविवारी तिचा फोन आला, "मामा, आपल्या सांगोल्याचे आजवरचे सगळे आमदार सांग, मी वहीत उतरवून घेते." मी सांगायला बसलो आणि मिनिटभरात यादी संपली. ती म्हणाली, "बस्स? एवढेच?"

एवढेच. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची पहिली विधानसभा निवडणूक 1962 ची. तेव्हापासून 2024 पर्यंत सांगोल्यानं फक्त चार माणसं विधानसभेत पाठवली. गणपतराव देशमुख, काकासाहेब साळुंखे-पाटील, शहाजीबापू पाटील आणि आताचे डॉ. बाबासाहेब देशमुख. शेजारच्या कुठल्याही तालुक्याची यादी काढून बघा, एवढी आखूड सापडणार नाही.

क्रम असा आहे. 1962 आणि 1967 ला शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) आबासाहेब, म्हणजे गणपतराव. 1972 ला काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील. त्यांच्या निधनानंतर 1974 ला पोटनिवडणूक झाली, तिथं आबासाहेब परत. मग 1978, 1980, 1985, 1990 सलग. 1995 ला काँग्रेसचे शहाजीबापू पाटील, फक्त 192 मतांनी. 1999, 2004, 2009, 2014 पुन्हा आबासाहेब. 2019 ला ते वयामुळं थांबले, नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले, आणि शिवसेनेकडून शहाजीबापू निवडून आले, 768 मतांनी. 2024 ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी जागा परत शेकापकडं आणली.

म्हणजे आबासाहेब अकरा वेळा. मधली दोन वर्षं आणि 95 ते 99 ही चार वर्षं सोडली, तर जवळपास पन्नास वर्षं या तालुक्याचा आमदार एकच माणूस होता.

भाचीला ही यादी देऊन भागलं असतं. पण फोन ठेवल्यावर मला राहवेना. बाहेरचे लोक सांगोला म्हटलं की दोनच गोष्टी सांगतात, एसटीनं फिरणारे आबासाहेब आणि शहाजीबापूंचा गुवाहाटीचा फोन. आपला मतदारसंघ एवढ्यावर संपत नाही. मला वाटतं इथल्या प्रत्येक निवडणुकीच्या मुळाशी पाणी होतं, आणि लोकांनी माणूस बघितला तोसुद्धा पाण्यासाठी कोण भांडतंय हे बघूनच. तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी जुन्या निवडणुका बघितल्यात त्यांनी जरूर लिहा. माझं वय 46, मला 1985 च्या आधीचं स्वतःचं काही आठवत नाही.

---

खिल्लार

चांगला धागा. एक किरकोळ भर. सरकारी कागदावर आपण "सांगोले" आहोत. बोलताना मात्र कुणी सांगोले म्हणत नाही. मतदारसंघ क्रमांक 253. आधी आपण पंढरपूर लोकसभेत होतो, 2008 च्या पुनर्रचनेनंतर माढ्यात आलो. त्यामुळं 2009 ला आपले खासदार शरद पवार, मग 2014 ला विजयसिंह मोहिते-पाटील, 2019 ला रणजितसिंह नाईक-निंबाळकर, 2024 ला धैर्यशील मोहिते-पाटील. लोकसभेला आपलं मत फलटण, अकलूज, करमाळ्याच्या गणितात मिसळून जातं. विधानसभेला मात्र तालुका स्वतःचं मत स्वतः ठरवतो. भाचीला हा फरक लिहायला सांगा.

---

भाळवणीकर

मीही या मतदारसंघातला, पण तालुका पंढरपूर. आमचं भाळवणी मंडळ 2008 च्या पुनर्रचनेत सांगोल्याला जोडलं. त्यामुळं तहसीलचं काम पंढरपुरात, बाजार पंढरपुरात, आमदार मात्र सांगोल्याचा. पहिली दोन-तीन वर्षं आमच्या गावात म्हातारी माणसं विचारायची, "आपला आमदार कोण हाय आता?" कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसायचं कुणाच्या दारात जायचं. माझ्या वडिलांनी 2009 ला मतदान करून आल्यावर सांगितलं होतं, "आज पहिल्यांदा अनोळखी माणसाला मत दिलं."

धाग्यात फक्त सांगोला तालुका धरू नका एवढीच विनंती. आमचीही मतं त्याच पेटीत पडतात.

---

माणकाठ

@भाळवणीकर, बरोबर आहे, माझी चूक. आणि तुमच्याकडं पाण्याची परिस्थिती आमच्यापेक्षा बरी, त्यामुळं प्रश्नही वेगळे. भाचीला तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवतो.

---

जुना कार्यकर्ता

माझं वय 74. मोबाईलवर लिहायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

1972 चं सांगतो. बाहेरची पोरं विचारतात, आबासाहेब एवढे लोकप्रिय होते तर 72 ला पडले कसे? तेव्हाचं वारं समजून घ्या. बांगलादेशच्या लढाईनंतर इंदिराबाईंच्या नावाची लाट होती. विधानसभेच्या 270 पैकी 222 जागा काँग्रेसच्या आल्या. शेकापच्या आल्या सात. भलेभले गेले. काकासाहेबही काही साधे गडी नव्हते, जवळ्याच्या साळुंखे-पाटलांना तालुक्यात मान होता. हार लाजिरवाणी नव्हती.

मग त्याच साली दुष्काळ. माझं वय तेव्हा बावीस-तेवीस. माण नदीच्या पात्रात झरे काढून पाणी भरायचो. एक घागर भरायला अर्धा तास. वाटीनं पाणी उपसायचं, फडक्यातून गाळायचं. खडी फोडायच्या कामावर बायाबापड्या पोराबाळांसकट. माझ्या आईच्या हाताला पडलेले घट्टे मरेपर्यंत गेले नाहीत. जनावरं बाजारात मातीमोलानं गेली. खिल्लार बैलजोडी विकताना माझा बाप दावं सोडायला तयार नव्हता, गिऱ्हाईकानं दाव्यासकट नेली.

त्या दोन वर्षांत आबासाहेब आमदार नव्हते, पण दुष्काळी कामांवर, मोर्च्यांत दिसायचे. काकासाहेब गेले आणि 1974 ला पोटनिवडणूक लागली तेव्हा लोकांनी काय बघितलं हे मला वेगळं सांगायला नको. मी त्याच निवडणुकीत पहिल्यांदा पक्षाचं काम केलं. सायकलवर. डबा घरचा, पत्रकं पक्षाची. खर्चाला पैसे कुणी दिले नाहीत आणि आम्ही मागितले नाहीत.

---

आकडेमोड

सगळीकडं लिहितात की "देशात सर्वाधिक वेळा निवडून आलेले आमदार गणपतराव देशमुख", "करुणानिधींचा विक्रम मोडला". मला आबासाहेबांबद्दल अपार आदर आहे, म्हणूनच हे नीट लिहायला हवं. करुणानिधी तमिळनाडूत 1957 पासून तेरा वेळा निवडून आले, मतदारसंघ मात्र बदलत गेले. केरळचे के. एम. माणी एकाच पाला मतदारसंघातून तेरा वेळा जिंकले. त्यातली 1965 ची विधानसभा भरलीच नाही, ती सोडली तरी बारा. ओमन चांडी पुथुप्पळ्ळीतून बारा वेळा. तेव्हा देशाचा विक्रम म्हणू नये. महाराष्ट्राचा म्हणावा, तो खरा आहे आणि तो पुरेसा मोठा आहे.

भाचीच्या वहीत चुकीचा विक्रम जायला नको म्हणून लिहिलं.

---

खिल्लार

@आकडेमोड, धन्यवाद. मीसुद्धा इतकी वर्षं तेच सांगत होतो.

पण केरळच्या त्या दोघांत आणि आबासाहेबांत एक फरक आहे. माणींचा स्वतःचा पक्ष सत्तेत येत-जात राहिला, चांडी काँग्रेसचे, मुख्यमंत्री झाले. आबासाहेबांचा पक्ष राज्यात कधी वीस जागांच्या वर गेला नाही. 1962 ला पंधरा, 67 ला एकोणीस. 2014 ला तीन, अलिबाग, पेण आणि सांगोला. पन्नास वर्षांतली बहुतेक वर्षं विरोधी बाकावर. मंत्री झाले ते दोनदाच, 1978 ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारमध्ये आणि 1999 ला काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीत. 2002 ला शेकाप सरकारमधून बाहेर पडला, तेही बाहेर पडले. सत्ता नसताना तालुका हातातून सुटू न देणं, हे मला त्या अकरा आकड्यापेक्षा मोठं वाटतं.

---

डाळिंबवाला

मी थोडं कडू लिहिणार आहे, राग मानू नका.

माझी सहा एकर जमीन. आजोबांनी ज्वारी-बाजरी केली, वडिलांनी 1990 नंतर रोजगार हमीतून फळबाग लागवड आली तेव्हा बोर आणि डाळिंब लावलं. त्या योजनेनं आमचं घर उभं केलं हे मी विसरणार नाही. 28 डिसेंबर 2020 ला देशातली शंभरावी किसान रेल्वे आपल्या सांगोल्यातून बंगालमधल्या शालिमारला सुटली, त्या दिवशी छाती फुगली होती.

आणि दुसऱ्याच वर्षी खोडभुंगा आला. झाडाच्या बुंध्याला टाचणीएवढी भोकं, त्यातून भुसा पडायचा, पंधरा दिवसांत झाड वाळून जायचं. आधी तेल्या, मग मर, मग हा. 2022 ला मी स्वतः उभा राहून 900 झाडं जेसीबीनं उपटली. वडील बांधावर बसून होते, काही बोलले नाहीत. संध्याकाळी उठले, जमिनीत राहिलेली ठिबकची नळी गोळा करत फिरले.

आता मुद्दा. पन्नास वर्षं एक आमदार, चांगला माणूस, निष्कलंक माणूस, कबूल. पण नीरा उजव्या कालव्याच्या टेलला आमचं गाव. वीर धरणातून पाणी सुटलं की फलटण, माळशिरस, पंढरपूर करत आमच्यापर्यंत येईस्तोवर पाळी संपते. माझ्या लहानपणी हेच होतं, आजही बरचसं हेच आहे. साधेपणानं कालव्याला पाणी येत नाही. एसटीनं प्रवास केला म्हणून मत द्यायचं, हे मला कधी पटलं नाही. माझं घर 2019 ला बापूंच्या मागं गेलं ते याच कारणानं.

---

जुना कार्यकर्ता

@डाळिंबवाला, राग कसला? झाडं उपटताना काय होतं ते मला कळतं, माझ्या पुतण्याचीही गेली.

पण पाण्याचं एकदा नीट मांडू द्या. आपला तालुका माण खोऱ्यातला. वरच्या अंगाला पाऊस नाही, नदी वर्षातले आठ-नऊ महिने कोरडी. म्हणजे आपलं पाणी दुसऱ्या खोऱ्यातून उचलूनच आणावं लागणार. कृष्णेचं पाणी दुष्काळी भागाला द्या ही मागणी घेऊन नागनाथअण्णा नायकवडी, आबासाहेब आणि भारत पाटणकर उभे राहिले, 1993 ला आटपाडीला पाणी परिषद झाली. तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं. ट्रकमधून, टेंपोतून, काही तर चालत. मी त्या पहिल्या परिषदेला होतो. सभेला येताना बायांनी डोक्यावर रिकाम्या घागरी आणल्या होत्या.

त्या वेळी शहाणे म्हणायचे, कराडजवळच्या टेंभूहून पाणी उचलून आटपाडी-सांगोल्याला न्यायचं म्हणजे येड्याचा बाजार. एवढी वीज कुठली, एवढा पैसा कुठला? परिषद दरवर्षी भरत राहिली. टेंभूचं काम 1996 ला सुरू झालं, टप्पे पूर्ण व्हायला वीस-बावीस वर्षं गेली. त्यात सरकारं किती आली आणि गेली! जेव्हा टेंभूचं पाणी आटपाडीच्या बाजूनं माणेत उतरलं तेव्हा मी नाझऱ्याजवळच्या पुलावर उभा होतो. उन्हाळा होता. नदीला उन्हाळ्यात पाणी मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. माझ्या शेजारच्या बाईनं ओटीतला खण-नारळ पाण्यात सोडला.

एका आमदारानं हे केलं असं मी म्हणत नाही. पण लोकांना वीस वर्षं एका मागणीवर धरून ठेवणं, हे काम नाही तर काय?

---

माणकाठ

काका, हे तुम्ही कुठंतरी सविस्तर लिहून ठेवाच. पुलावरचं वाचताना मी थांबलो.

@डाळिंबवाला, तुमचा मुद्दा खोडून काढण्यासारखा नाही. म्हणून तर मला 192 आणि 768 हे आकडे महत्त्वाचे वाटतात. बापू दोनदा निवडून आले, दोन्ही विजयांची बेरीज केली तर होते 960 मतं. एवढ्या फरकानं दोनदा इतिहास फिरला. आणि उलट बघितलं तर, आबासाहेब जिंकत होते तेव्हाही विरोधातली मतं कायम हजारोंनी होती. 2014 ला ते सुमारे 25 हजारांनी जिंकले, पण बापूंना तेव्हाही 69 हजारांच्या वर मतं होती. सांगोला एकतर्फी कधीच नव्हता. बाहेरच्यांना अकरा हा आकडा दिसतो, प्रत्येक गावातले दोन पार दिसत नाहीत.

---

महूदची

मला 24 ऑक्टोबर 2019 चा दिवस आठवतो, मतमोजणीचा. आम्ही महूदकडचे, चिकमहूद बापूंचं गाव, त्यामुळं आमच्या भागात हवा त्यांचीच. पण माझं माहेर कोळ्याकडं, तिकडं शेकापशिवाय दुसरं नाव नाही. सकाळपासून मी दोन्हीकडून फोन घेत होते. माझे दीर भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून त्याच्या मागं पेन्सिलीनं फेऱ्या लिहीत होते. एका फेरीत आम्ही पुढं, दुसऱ्या फेरीत ते पुढं. शेवटी शेवटी कुणी काही बोलेना, चहा गार झाला तसाच राहिला. 99,464 आणि 98,696. निकाल कळला तेव्हा आमच्या गल्लीत गुलाल, आणि फोनवर माझा भाऊ रडत होता. आबासाहेबांच्या घरातला माणूस पडला म्हणून. मी अंगणात गुलालात उभी राहून त्याची समजूत काढत होते.

त्या वेळी उमेदवार ठरवताना पक्षात आधी एक नाव आलं, मग ते बदलून नातवाला उभं केलं. त्यात काही माणसं दुखावली. जवळ्याचे दीपकआबा साळुंखे-पाटील बापूंच्या बाजूला राहिले. 768 मतं म्हणजे दोन मोठ्या बूथांचा फरक. अशा निवडणुकीत कुठल्याही एका गोष्टीला कारण म्हणता येतं.

एक गोष्ट मनापासून सांगते. 2022 च्या जूनमध्ये बापूंचं गुवाहाटीहून फोनवर बोललेलं "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील" देशभर गेलं, लोक हसले. त्या वेळी सरकार पाडायचं जे चाललं होतं ते मला पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण बापूंची भाषा ही आमची घरची भाषा आहे. माझे सासरे अस्संच बोलतात. मुंबईत माझ्या मुलीला वर्गात पोरं चिडवायला लागली, "ए काय डोंगार". तिनं महिनाभर वर्गात तोंड उघडलं नाही. राजकारणाला नावं ठेवा, बोलीला ठेवू नका.

---

खिल्लार

@महूदची, ताई, शेवटच्या ओळीला शंभर वेळा सहमत. आणि न्याय म्हणून हेही लिहायला हवं की उजनीच्या 2 टीएमसी पाण्याची सांगोला उपसा सिंचन योजना कित्येक वर्षं कागदावर पडून होती, तिला बापूंच्या काळात चालना मिळाली. विरोधकसुद्धा हे नाकारत नाहीत. म्हणजे बापूही शेवटी पाण्यावरच मत मागत होते.

---

सूतगिरणी लाईन

नाव बघून कळलंच असेल, मी गिरणीच्या जिवावर शिकलेला. माझे वडील शेतकरी सहकारी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर होते. पाळ्या तीन. रात्रपाळी करून आले की मिशांवर, भुवयांवर कापसाचा पांढरा फुफाटा. आई म्हणायची, आधी अंग झाडा, मग उंबऱ्याच्या आत या.

ज्या तालुक्यात कापूस पिकत नाही तिथं सूतगिरणी काढली. कापूस बाहेरून यायचा, सूत बाहेर जायचं, मजुरी मात्र इथं राहायची. महाराष्ट्रातल्या किती सहकारी गिरण्या बुडाल्या, भंगारात निघाल्या, ते सगळ्यांना माहीत आहे. ही चालली. का चालली? वडील सांगायचे, भरतीला चिठ्ठी चालायची नाही आणि संचालकाची गाडी गिरणीच्या डिझेलवर फिरायची नाही. मला वाटतं साधेपणाचा उपयोग इथं होता. डाळिंबवाल्या दादांचं म्हणणं की साधेपणानं कालव्याला पाणी येत नाही, खरं आहे. पण साधेपणानं संस्था बुडत नाही. वरचा माणूस एसटीनं येतो म्हटल्यावर खालच्याला गाडी मागायची लाज वाटते.

30 जुलै 2021 ला आबासाहेब गेले. अंत्यसंस्कार गिरणीच्या आवारातच झाले. करोनाचे दिवस, तरी माणूस मावत नव्हता. वडील रिटायर होऊन बारा वर्षं झाली होती, गिरणीचा जुना बिल्ला शर्टाला लावून गेले.

---

परगावी

मी गलाईच्या धंद्यानिमित्त तमिळनाडूत. सोनं-चांदी गाळायचं काम. आटपाडी-खानापूर-सांगोला पट्ट्यातली आमच्यासारखी घरं देशभर पसरलीत. दुष्काळानं बाहेर काढलेली माणसं आम्ही. मतदानाला येतो तेव्हा आठ-दहा जण मिळून गाडी करतो, दीड दिवसाचा प्रवास. 2019 ला मी नाही आलो, दुकान सोडता आलं नाही. 768 चा आकडा बघून आठवडाभर झोप लागली नाही, कारण आमच्या गल्लीतच गावाकडची चाळीस-पन्नास मतं होती आणि कुणीच गेलो नव्हतो. 2024 ला दुकान चार दिवस बंद ठेवून आलो. केंद्रावर गेलो तर माझं नाव यादीत होतं, बायकोचं नव्हतं. कुणी कमी केलं, का कमी केलं, उत्तर मिळालं नाही. ती केंद्राच्या बाहेर कडुलिंबाखाली बसून राहिली.

इथले लोक मला करुणानिधींबद्दल सांगतात, मी त्यांना आबासाहेबांबद्दल सांगतो. त्यांना खरं वाटत नाही की पन्नास वर्षांच्या आमदाराचा पक्ष इतका लहान होता.

---

आकडेमोड

2024 चे आकडे भाचीसाठी. डॉ. बाबासाहेब देशमुख (शेकाप) 1,16,256. शहाजीबापू पाटील (शिवसेना) 90,870. दीपकआबा साळुंखे (शिवसेना उद्धव ठाकरे गट) 50,962. फरक 25,386. मतदान 20 नोव्हेंबरला, निकाल 23 ला. राज्यभर महायुतीची लाट असताना ही जागा शेकापनं काढली, आणि राज्यात त्यांची आलेली ही एकच जागा.

गंमत बघा, 1995 ला उलटं झालं होतं. काँग्रेसची राज्यातली सत्ता गेली, युतीचं सरकार आलं, आणि नेमकी त्याच निवडणुकीत सांगोल्यात काँग्रेस जिंकली. 1972 सोडलं तर हा मतदारसंघ राज्याच्या वाऱ्याबरोबर फारसा वाहिलेला नाही. 1980, 1985 लाही काँग्रेस जोरात होती, इथं आबासाहेबच.

---

डाळिंबवाला

2024 ला तीन उमेदवार होते म्हणून शेकापला सोपं गेलं असं आमच्याकडं म्हणतात. महाविकास आघाडीतलेच दोघे समोरासमोर होते. मला ते तेवढं खरं वाटत नाही. दीपकआबांची मतं दोन्हीकडून गेली. जवळ्याच्या बाजूची काही मतं 2019 ला बापूंकडं होती, ती 2024 ला घरी परतली. 1972 ला ज्या आडनावानं आबासाहेबांना हरवलं, तेच आडनाव पन्नास वर्षांनी तिसऱ्या नंबरवर राहून निकाल फिरवून गेलं.

आणि जातीचं कुणीच बोललं नाही. धनगर समाज मोठा, मराठा समाज मोठा, हे गणित प्रत्येक उमेदवार मांडतो. पण नुसतं तेवढंच असतं तर 192 आणि 768 असे निकाल लागलेच नसते, दर वेळी एकच आकडा आला असता. माझ्या मराठा आजोबांनी मरेपर्यंत शेकापला मत दिलं. शेतकरी कामगार पक्ष स्थापन करणारे केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्या काळापासून ते त्या विचाराचे. आमच्या माळ्यावर पक्षाच्या जुन्या पत्रकांचा गठ्ठा होता, पिवळा पडलेला. घर पाडताना पावसात भिजून गेला. आता हळहळ वाटते.

---

जुना कार्यकर्ता

गठ्ठा गेला हे वाचून वाईट वाटलं. माझ्याकडं थोडी पत्रकं आहेत, झेरॉक्स काढून देईन.

आणखी एक. सगळ्यात मोठं काम कोणतं असं मला कुणी विचारलं तर मी टेंभू सांगणार नाही, गिरणीही नाही. शिरभावीची पाणीपुरवठा योजना. 81 गावं. पंढरपूरहून भीमेचं पाणी नळानं. ज्या बाईनं दोन मैलावरनं घागर आणलीय तिलाच कळतं दारात नळ म्हणजे काय. माझ्या आईनं पहिल्या दिवशी नळाखाली हात धरला, घट्ट्यांवरनं पाणी सोडत उभी राहिली. मी म्हणालो, "आये, बादली लाव की, वाया चाललंय." ती म्हणाली, "जाऊ दे आजच्या दिवस."

---

महूदची

काका...

शिरभावीच्या नळाला आमच्याकडं कधी चार, कधी आठ दिवसांनी पाणी येतं, वीजबिल थकलं की बंद पडतं. पण तुमच्या आईचं वाचल्यावर आज त्याबद्दल तक्रार लिहिणार नाही. उद्या लिहीन.

---

माणकाठ

भाचीनं सगळा धागा वाचला. तिचा निबंध 1500 शब्दांचा हवा होता, आता सर तिला म्हणालेत की पोटनिवडणुकीचं आणि पाणी परिषदेचं ज्यांनी बघितलं त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलून ये. ती दिवाळीच्या सुट्टीत येतेय. @जुना कार्यकर्ता काका, तुमच्याकडं रविवारी आणलं तर चालेल का? सकाळी जनावरांच्या बाजारात चक्कर मारून अकरापर्यंत पोचतो. पत्रकांचे फोटो तिथंच मोबाईलवर काढू, मूळ कागद तुमच्याकडंच राहू द्या. @डाळिंबवाला, तुम्हीही या, 1995 ची तुमच्या घरातली बाजू तिला ऐकायचीय.

---

जुना कार्यकर्ता

या की. अकरा नको, दहाला या. बारानंतर लाईट जाते आणि ट्रंक आतल्या अंधाऱ्या खोलीत आहे.

---

डाळिंबवाला

येतो. येताना नवीन बागेतली चार डाळिंबं आणतो. दोन एकरच लावलीत यंदा, टेंभूच्या भरवशावर.